आयोडेक्सचं सरबत आणि लवंगेचा नाताळ : पुण्याहून पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांसाठी

व्हिसा, विमा, तिकीट, बँकेचे कागद यांच्या याद्या सगळेच करतात. जर्मन किंवा जपानी भाषेच्या परीक्षाही पुण्यातच देऊन झालेल्या असतात. तरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात माणूस अडतो तो न्याहारीच्या टेबलापाशी आणि बेसिनपाशी. पाव आंबट लागतो, केक फिका लागतो आणि टूथपेस्ट खारट निघते.

यात खरोखर नव्या चवी फार थोड्या असतात. बहुतेक ओळखीच्याच, फक्त त्यांची जागा बदललेली असते. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या कोणी हलवून ठेवाव्यात आणि जिऱ्याच्या जागी हाताला मोहरी लागावी, तसं. लवंग आपल्याकडे टूथपेस्टमध्ये आणि दाढदुखीला, जर्मनीत ती नाताळच्या केकात. वेलदोडा आपल्या श्रीखंडात, स्वीडनमध्ये तो कॉफीबरोबरच्या बनमध्ये. गंधपुऱ्याचं तेल आपल्याला आयोडेक्समुळे माहीत, पण अमेरिकेत त्याच वासाचं गोड पेय मिळतं. ‘रूट बिअर’ नावाच्या त्या पेयाचा पहिला घोट घेताना पाठीला चोळायचं औषध आठवलं तर जीभ बिघडलेली नाही. विंटरग्रीन नावाचा त्यातला स्वाद आणि मलमातला वास हे एकच रसायन आहे, मिथाइल सॅलिसिलेट.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांना एकच सवय लागू करा : चव विचित्र लागली की ‘हे काय आहे’ विचारण्याआधी ‘हे आपल्याकडे कुठे असतं’ ते आठवा.

पायरी १ : बॅग

टूथपेस्टच्या सहा ट्यूबा नेऊ नका. एक चेक-इन बॅगेत, एक छोटी हातातल्या बॅगेत, एवढं पुरतं. हातातल्या बॅगेत पातळ पदार्थ, जेल आणि पेस्ट यांना प्रत्येकी १०० मिलिलिटरची मर्यादा धरून चला. आपल्या ट्यूबवर ग्रॅम लिहिलेले असतात. पेस्ट पाण्याहून जड, साधारण १.३ पट, म्हणजे १०० ग्रॅमची ट्यूब ७५ मिलिलिटरच्या आसपास भरते. १५० ग्रॅमची ट्यूब अर्धी संपलेली असली तरी चालत नाही, कारण आत किती उरलंय ते कोणी पाहत नाही, ट्यूब केवढी आहे ते पाहतात. शेंगदाण्याची ओलसर चटणी, लोणचं, तूप हेही याच नियमात अडकतं, तेव्हा ते खालच्या बॅगेत.

जागा द्यायचीच असेल तर ती सीटीसी, म्हणजे आपल्या बारीक दाणेदार, चहाला द्या. युरोपातल्या साध्या दुकानात मिळणारा चहा बहुधा वेगळ्या पद्धतीने वळलेल्या पानांचा असतो. तो दुधात उकळला की रंग येतो, दम येत नाही. अर्धा किलो पावडर, पाव किलो गोडा मसाला आणि थोडा गूळ एवढ्यावर पहिले दोन-तीन महिने निभतात. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, म्हणून खवा, चक्का, तूप यांच्या वाटेला जाऊ नका. बाकरवडी खुशाल न्या. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करायची. जाहीर केली आणि ती काढून घेतली तर वस्तूच जाते, लपवली तर दंडही होतो.

पायरी २ : पाव विकत घेणं

पुण्यात ‘पाव’ म्हणजे लादी, ‘ब्रेड’ म्हणजे स्लाइसचं पाकीट आणि कडक हवा असेल तर ब्रून. तिकडे बेकरीच्या फळीवर जे दिसतं ते बहुधा या तिन्हींत बसत नाही. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि त्यांच्याकडूनच जपानलाही गेला. जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणतात. नावाचं मूळ एकच असलं तरी दोन्ही देशांतला पाव पार वेगळा आहे.

जर्मनीत सुरुवातीला गोंधळ होतो तो राय या धान्याने. (राय म्हणजे राई नव्हे, मोहरीशी त्याचा काही संबंध नाही.) रायच्या पिठात गव्हासारखं चिवट जाळं तयार होत नाही. शिवाय भट्टीत पाव तापताना त्यातला स्टार्च तोडणारे एन्झाइम जोरात असतात. त्यांना आवरलं नाही तर पाव आतून चिकट, लगद्यासारखा राहतो. आंबवलेल्या पिठातलं आम्ल त्यांना आवरतं. म्हणजे रायच्या पावाचा आंबटपणा हा आवडीनिवडीचा भाग नंतर झाला, आधी ती गरज होती. ‘पाव खराब झालाय’ म्हणून पहिल्या दिवशी अर्धा किलोचा लोफ कचऱ्यात टाकणारे बरेच असतात. ते टाळायचं तर नावं वाचायला शिका. ‘रॉगनब्रोट’मध्ये किमान ९० टक्के राय असते, ‘रॉगनमिशब्रोट’मध्ये निम्म्याहून जास्त, आणि ‘वाइत्सनमिशब्रोट’मध्ये निम्म्याहून जास्त गहू. ‘फोलकॉर्न’ म्हणजे कोंड्यासकट पूर्ण धान्य. नुसता काळपट रंग पाहून पौष्टिक समजू नका, तो माल्टचाही (मोड आणून भाजलेल्या धान्याचाही) असतो.

पहिले आठ दिवस वाइत्सनमिशब्रोट, मग रॉगनमिशब्रोट, आणि महिन्याभराने शुद्ध रायचा पाव असं चढत जा. अख्खा लोफ घेऊ नका, ‘हाल्बेस’ म्हटलं की अर्धा मिळतो. तिथल्या यंत्रावर कापूनही देतात. स्लाइस सात-आठ मिलिमीटरची हवी. आपल्या टोस्टच्या जाडीची घेतली तर चावता चावता जबडा दुखतो. पुंपरनिकेल हा प्रकार तर कमीत कमी १६ तास मंद भाजलेला असतो, तो याहून पातळ खातात. रायवर जॅम लावाल तर आंबट-गोड भांडण होतं. लोणी आणि लसणीची कोरडी चटणी लावून पाहा, दोघांचं छान जमतं. आमटीत बुडवून खायचा असेल तर आमटीत चिंच निम्मी घाला, आंबट पावात पुरेसं आम्ल आधीच आहे.

पावात दिसणारे बारीक वाकडे दाणे जिऱ्यासारखे दिसतात, पण ते कॅरवेचे, आपल्या शहाजिऱ्याच्या जवळच्या नात्यातले. जर्मनमध्ये त्याला ‘क्युमेल’ म्हणतात, तर आपल्या जिऱ्याला ‘क्रॉइत्सक्युमेल’. फोडणीसाठी चुकून नुसतं क्युमेल आणलं की वरणाला बाळंतशेपांसारखा वास येतो. तो का, ते टूथपेस्टच्या पायरीत येईलच.

शाकाहारी मंडळींनी हिरव्या ठिपक्याची वाट पाहू नये, तो आपल्या देशापुरता आहे. जर्मनीत पाटीवर ‘श्मात्स’ दिसलं तर बहुधा डुकराची चरबी, ‘श्पेक’ दिसलं तर खारवलेली चरबी किंवा मांस. बव्हेरियात प्रेत्सेल या गाठीच्या आकाराच्या पावाच्या कणकेतही कधी कधी श्मात्स घालतात, तेव्हा विचारलेलं बरं. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात आणि बेकऱ्या सकाळचे काही तासच उघडतात. शनिवारी विसरलात तर रविवार पोह्यांवर काढायची तयारी ठेवा.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. फ्रान्समध्ये १९९३ सालच्या सरकारी आदेशानुसार ‘ट्रॅडिशन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावात पीठ, पाणी, मीठ, खमीर यांच्या पलीकडे जवळजवळ काहीच चालत नाही. तूप नाही, साखर नाही, म्हणून सकाळी आणलेला बॅगेट हा लांबट पाव संध्याकाळी काठीसारखा होतो. इटलीच्या टस्कनी भागातला पाव अळणी असतो. बेकरीवाला मीठ विसरलेला नसतो, खारट चीज आणि मांसाबरोबर खायची ती रीत आहे. शिळा झाला की आपण पोळीचा कुस्करा करतो तसं ते त्याचं सूप करतात, सॅलड करतात. जपानमध्ये चौकोनी ‘शोकुपान’च्या पाकिटावर चार, पाच, सहा किंवा आठ असा आकडा असतो. तो स्लाइसचा. आकडा लहान तितकी स्लाइस जाड. चटणी सँडविच करायचं तर आठाचं घ्या, चाराचं भिंतीच्या विटेएवढं निघतं. तिथलाच ‘अनपान’ म्हणजे अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचं गोड पुरण भरलेला पाव. टोकियोच्या किमुराया बेकरीने तो १८७४ मध्ये आणला. पुरणपोळीवर वाढलेल्या माणसाला तो समजवावा लागत नाही. ‘करी पान’ मात्र विचारून घ्या, आत बहुधा मांस असतं.

अमेरिकेत उलटा प्रकार, तिथे पाव गोड लागतो. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका अमेरिकी सँडविच साखळीचा पाव करासाठी ‘पाव’ धरायला नकार दिला, कारण त्यातली साखर पिठाच्या वजनाच्या १० टक्के होती आणि तिथल्या कायद्यात मर्यादा २ टक्क्यांची आहे. वडापावसाठी अमेरिकेत ‘हवाइयन रोल’ घेणाऱ्यांना वडा शिऱ्यात पडल्यासारखा लागतो. दर १०० ग्रॅमला ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असलेले मऊ रोल शोधा. ब्रिटनमधले साधे ‘सॉफ्ट व्हाइट बॅप’ या कामाला फार चांगले.

पायरी ३ : पाव टिकवणं, आणि शेवटी स्वतःच करणं

पुण्यात पावसाळ्यात पावाला बुरशी लागते म्हणून आपण तो फ्रिजमध्ये ठेवतो. थंड देशात ही सवय सोडा. पाव शिळा होतो तो फक्त वाळल्यामुळे नाही. शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट रचना धरू लागतो आणि हे काम फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने चालतं. फ्रीझरमध्ये मात्र ते थांबतं. तेव्हा दोन दिवसांचा पाव बाहेर, कापलेली बाजू खाली करून लाकडी फळीवर किंवा कागदी पिशवीत, आणि उरलेल्या स्लाइस मध्ये बटर पेपर घालून थेट फ्रीझरमध्ये. गोठलेली स्लाइस तशीच टोस्टरमध्ये टाकायची. कडक झालेल्या बॅगेटवर नळाचं पाणी हलकेच फिरवून तो १८० अंशांवर सहा-सात मिनिटं ठेवला की पुन्हा खाण्यालायक होतो. मात्र लगेच संपवा, तासाभरात तो पहिल्यापेक्षा जास्त कडक होतो.

मिसळीला, पावभाजीला लादीच हवी असेल तर घरी करणं हाच सरळ मार्ग. बारा पावांचं प्रमाण : मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध-पाणी निम्मं-निम्मं मिळून ३१० मिलिलिटर, लोणी किंवा तेल ३० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, झटपट कोरडं यीस्ट ५ ग्रॅम. दहा-बारा मिनिटं मळा, तुकडा ताणल्यावर न फाटता पातळ पडदा झाला पाहिजे. दुप्पट फुगू द्या. मग सत्तर-बहात्तर ग्रॅमचे बारा गोळे करून साधारण २३ बाय ३३ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये बोटभर अंतरावर लावा. फुगताना ते एकमेकांना चिकटले पाहिजेत, नाहीतर लादी न होता बारा सुटे बन होतात. चाळीस मिनिटांनी २०० अंशांवर सोळा ते अठरा मिनिटं भाजा, बाहेर काढल्या काढल्या वर लोणी फिरवून फडक्याने झाका. झाकलं नाही तर वरची साल कडक राहते.

बिघडतं कुठे? मैद्यापाशी आणि थंडीपाशी. जर्मन पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते तो हा आकडा, म्हणजे जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ केकचं, पावाला ५५० घ्या. फ्रान्समध्ये टी-५५, ब्रिटन-अमेरिकेत ‘ब्रेड फ्लार’. पुण्यात उन्हाळ्यात कणीक पाऊण तासात वर येते, पण हिवाळ्यातल्या १८ अंशांच्या जर्मन स्वयंपाकघरात दोन-अडीच तास लागतात. घाई करून यीस्ट दुप्पट घातलं तर पावाला बिअरसारखा वास येतो. ओव्हन बंदच ठेवून फक्त आतला दिवा लावा आणि भांडं आत ठेवा, तेवढी ऊब पुरते. जर्मन दुकानात यीस्ट म्हणजे ‘हेफं’, ताज्या यीस्टचा ४२ ग्रॅमचा चौकोनी ठोकळा थंड कपाटात असतो. ५०० ग्रॅम पिठाला अर्धा घाला. ‘बाकपुल्वर’ बेकिंग पावडर आहे आणि ‘नाट्रॉन’ सोडा. या दोन्हींनी लादी फुगत नाही.

पोळ्यांबद्दल एवढंच : तिकडचं पूर्ण गव्हाचं पीठ आपल्या चक्कीवरच्या पिठाइतकं पाणी पीत नाही, कारण दगडी चक्कीत स्टार्चचे कण जास्त तुटतात. पाणी कमी घाला, कणीक अर्धा तास झाकून ठेवा, आणि जमलं तर १०५० आणि पूर्ण गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं मिसळा.

पायरी ४ : गोडी मोजायला शिकणं

आपण आमटीत गूळ घालतो आणि तिला गोड म्हणत नाही. गोड म्हणजे ताटातली श्रीखंडाची वाटी, तीही जेवणाबरोबर. युरोपात गोड शेवटी येतं आणि डाळीत साखर घातलेली पाहून लोक चकित होतात. मात्र त्यांच्याकडचं लपलेलं गोड आपल्याला दिसत नाही : टोमॅटो सॉस, सॅलडवरचं ड्रेसिंग, लोणच्याची काकडी, पीनट बटर. स्वीडनमध्ये रोजच्या पावातही काकवीसारखं सिरप असतं. बिनगोड हवा असेल तर पाकीट वाचून घ्या.

वाचायचं कसं? घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिल्या तिघांत असेल तर ते मिष्टान्न समजा, पाकिटावर शेताचं चित्र असलं तरी. युरोपातला तक्ता दर १०० ग्रॅमचा असतो. जर्मनीत कार्बोहायड्रेटच्या खालच्या ओळीत ‘दाफोन त्सुकर’ म्हणजे ‘त्यापैकी साखर’. ब्रिटनमध्ये १०० ग्रॅमला ५ ग्रॅमपर्यंत हिरवा रंग, २२.५ ग्रॅमच्या वर लाल. अमेरिकेत ‘ॲडेड शुगर्स’ अशी वेगळी ओळ असते, पण ती एका ‘सर्व्हिंग’ची. सर्व्हिंग म्हणजे अर्धं पाकीट की दोन बिस्किटं, हे वरच्या ओळीत पाहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. चहाचा सपाट चमचा म्हणजे सुमारे ४ ग्रॅम साखर, एवढं लक्षात ठेवलं की आकडे डोळ्यांसमोर येतात.

नवख्यांच्या तीन चुका ठरलेल्या. एक, कढीसाठी दही म्हणून ‘व्हॅनिला योगर्ट’ घरी येतं. डबा पांढरा, दही पांढरं, कढी गोड. ‘प्लेन’ किंवा जर्मनीत ‘नाटूर’ हा शब्द पाहा. दोन, बासुंदीसाठी ‘कोंडेन्समिल्श’ आणली जाते आणि ती बिनसाखरेची निघते. गोड हवी असेल तर ‘गेत्सुकर्ट’ लिहिलेलं हवं. बासुंदीला खरं तर बिनसाखरेचीच बरी, गोडी आपल्या हातात राहते. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते : ‘गेलीयरत्सुकर’. ही जॅम करायची साखर, तिच्यात पेक्टिन आणि सायट्रिक आम्ल मिसळलेलं असतं. खिरीत घातलीत की दूध फाटतं आणि वर ती थिजते. पिठीसाखर हवी असेल तर ‘पुडरत्सुकर’.

आपली साखर जाड दाण्यांची, तिकडची बारीक. एकाच चमच्यात बारीक साखर जास्त मावते, म्हणून आईने फोनवर सांगितलेले ‘चार चमचे’ तिकडे सव्वाचार-साडेचार होतात. काटा घ्या, वजनाने करा. जपानची रोजची पांढरी साखर ओलसर आणि मऊ असते, पाक आणि केक पटकन तांबूस होतात, तेव्हा आच कमी ठेवा. गुळाला जवळचे पर्याय म्हणजे ओकिनावाचा ‘कोकुतो’ आणि दक्षिण अमेरिकी दुकानांतला ‘पानेला’. दोन्ही उसाचा रस आटवूनच केलेले. नुसती ब्राउन शुगर गुळाची जागा घेत नाही, बरेचदा ती पांढऱ्या साखरेला मळी चोळलेली असते.

पाहुण्यांसाठी श्रीखंड करायचं ठरलं तर आपलं चक्का आणि साखर समसमान हे माप विसरा. जर्मनीत कोरड्या घटकांत ४० टक्के स्निग्धांश असलेलं ‘क्वार्क’ (घट्ट दह्यासारखं ताजं चीज) रात्रभर फडक्यात टांगून ५०० ग्रॅम चक्का घ्या, त्याला पिठीसाखर २०० ग्रॅम. याहून कमी केलीत तर आंबटपणा वर येतो आणि मग ते श्रीखंड राहत नाही. गार वाढा, थंडपणी गोडी जिभेला कमी जाणवते. उलट गुलाबजाम गरम दिलेत तर ते आहेत त्याहून गोड लागतील, पाहुण्यांना अर्धाच द्या. जपानी पाहुणे खाऊन ‘फार गोड नाही’ म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. पुण्यात हा टोमणा असतो, तिकडे ती शाबासकी आहे.

तैवानी चहाच्या दुकानात गोडी टक्क्यांनी सांगायची असते : पूर्ण, ७०, ५०, ३०, शून्य. अमृततुल्यवर वाढलेल्यांनी ५० पासून सुरू करावं, पूर्ण तिथेही फार होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘स्वीट टी’ म्हणजे पाकच. तुर्कस्तानात चहा दुधाशिवाय, बशीत दोन साखरेचे ठोकळे. इराणात ठोकळा दातांत धरून वरून कोरा चहा. जर्मनीच्या पूर्व फ्रिसिया भागात कपात आधी खडीसाखर, मग कडक चहा, मग साय, आणि ढवळायचं नाही. आधी साय, मग कडू, तळाशी गोड, अशा तीन चवी ओळीने घ्यायच्या. चमचा दिसला म्हणून ढवळलात तर यजमान काही बोलणार नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसेल.

डच आणि फिनिश काळ्या गोळ्यांना वेगळा इशारा हवा. त्यात ज्येष्ठमध असतं इथपर्यंत ठीक. पण खारट प्रकारात अमोनियम क्लोराइड घालतात, म्हणजे कल्हईवाला भांड्यावर टाकायचा तो नवसागर. पाकिटावर ‘दुबेल झाउट’, दुहेरी मीठ, असं असेल तर आधी अर्धी गोळी चाखा. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी रोज मूठभर खाऊ नयेत, ज्येष्ठमधाने दाब वाढतो.

पायरी ५ : टूथपेस्ट

आधी ट्यूबवर काय लिहिलंय ते पाहा, आणि हा सल्ला शब्दशः घ्या. स्वीडनमध्ये माशाच्या अंड्यांची पेस्ट ट्यूबमध्ये मिळते. जर्मनीत मोहरी, टोमॅटो आणि आटीव दूध ट्यूबमध्ये मिळतं. ते निदान किराण्याच्या फळीवर असतं. खरा धोका टूथपेस्टच्या शेजारीच ठेवलेल्या ‘हाफ्टक्रेम’चा. ती कवळी चिकटवायची खळ आहे. दात घासायची ती ‘त्सानपास्ता’ किंवा ‘त्सानक्रेम’, फ्रान्समध्ये ‘दांतिफ्रिस’, जपानमध्ये ‘हामिगाकी’.

मग आकडा. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) आहे आणि बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते नसतंच. युरोपात मर्यादा १५००, ट्यूबवर बहुधा १४५० लिहिलेलं दिसतं. जपाननेही २०१७ मध्ये मर्यादा १००० वरून १५०० केली. मोठ्यांना ही पेस्ट उत्तम, घासून झाल्यावर नुसतं थुंका, पाण्याने खळखळून चूळ भरली तर दातांवर राहायला हवं ते फ्लोराइड वाहून जातं. पुणेरी शिस्तीत हे बसवायला थोडे दिवस लागतात. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्यांना वाटाण्याएवढी पेस्ट.

आता चव. पुदिन्याचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. पेपरमिंटमध्ये मेंथॉल भरपूर, त्याने खरोखर काही थंड होत नाही, थंडी ओळखणारा मज्जातंतूंवरचा संवेदक तेवढा चाळवतो. स्पिअरमिंटमध्ये मेंथॉल नगण्य, तिचा वास कार्व्होन नावाच्या रेणूचा. गंमत अशी की याच रेणूची आरशातली प्रतिमा, डावा हात आणि उजवा हात यांच्यासारखी, कॅरवे आणि बाळंतशेपांचा वास देते. अणू तेच, रचना उलटी, आणि नाकाला दोन्ही वेगळे कळतात. बर्लिनमध्ये सकाळी स्पिअरमिंटने दात घासून कॅरवेचा पाव खाणारा माणूस एकाच रेणूच्या दोन बाजू चाखत असतो.

मेंथॉल झोंबत असेल तर स्पिअरमिंट घ्या. होमिओपॅथीच्या गोळ्या घेणाऱ्यांना मेंथॉल टाळायला सांगितलेलं असतं. त्या पथ्याला जर्मनीत ‘मेंथोलफ्राय’ लिहिलेली पेस्ट औषधांच्या दुकानात मिळते. अमेरिकेत दालचिनीची पेस्ट मिळते. ती आवडली तरी हिरड्या किंवा ओठ चुरचुरू लागले तर लगेच बंद करा, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड काहींना सोसत नाही. कोरियात बांबूच्या पोकळीत मीठ भरून, चिखलाने तोंड लिंपून पुन्हा पुन्हा भाजलेल्या मिठाची पेस्ट आहे. जर्मनीतही हिरड्यांसाठीच्या काही पेस्ट सोड्यामुळे खारट असतात. मीठ-तेल लावून दात घासलेली पिढी घरात असेल तर हे नवं वाटायचं कारण नाही. थायलंडची तपकिरी पेस्ट लवंग-कापराच्या अंगाची, वज्रदंतीची सवय असलेल्यांना ती पहिल्याच दिवशी पटते.

ब्रश केल्यावर लगेच संत्र्याचा रस घेतला तर तो कडूजार लागतो. पेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट जिभेवरची गोडाची जाणीव काही वेळ दाबतं आणि कडूला मोकळीक देतं. रायचा पाव आणि कोरी कॉफी यांच्याबाबत पहिल्या दिवशी जे वाईट मत होतं त्यात या फेसाचा वाटा मोठा असतो. ब्रश आणि न्याहारी यांत अर्धा तास ठेवा, किंवा फेस न करणारी पेस्ट घ्या, आणि मग पुन्हा मत द्या.

पायरी ६ : तिकडचे पाहुणे पुण्यात आले तर

इथे सगळं उलटं करायचं. हिरवी चटणी लावलेलं सँडविच काहींना टूथपेस्ट लावल्यासारखं लागतं, पहिल्या खेपेला पुदिना कमी, कोथिंबीर जास्त. पण कोथिंबीर काहींना साबणासारखी लागते आणि त्यात जनुकांचाही हात आहे, तेव्हा आग्रह नको. गुलकंद, गुलाबपाणी, केवडा हे त्यांच्याकडे साबण-अत्तराच्या फळीवरचे वास, म्हणून गोड पानाऐवजी आधी नुसती बडीशेप द्या. लवंग-वेलदोड्याच्या चहाला ‘नाताळसारखा वास’ म्हणतील, ते कौतुक समजा. चहा अमृततुल्यात पाजायचा असेल तर आधीच सांगून ठेवा की साखर उकळतानाच पडते, वेगळी मागता येत नाही. कप लहान असतो, तेवढा सोसतो.

आणि त्यांच्या खोलीत बाथरूमच्या फळीवर लाल आयुर्वेदिक पेस्ट ठेवली असेल तर शेजारी एक साधी पुदिन्याचीही ठेवा.